मुंढा उमटत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

मापवहीची मागची चाळीस पानं कोरी आहेत. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा, मागच्या बाजूला आजपासून मी. मनातलं कुठेतरी ओतायला हवं. हिला सांगायला गेलो तर ही म्हणते, "तुम्ही जळता." जळतो काय! डोळे आहेत म्हणून दिसतं, इतकंच.

आज अण्णांचा खडू तिसऱ्यांदा घसरला. कोटाचा पुढचा भाग आखत होतो. सरळ रेघा माझ्या, मुंढा त्यांचा. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई. कोटाचा सगळा जीव तिथे असतो. बावीस वर्षं मी या दुकानात वडिलांच्या हाताखाली आहे आणि बावीस वर्षं एकच वाक्य ऐकतो आहे, "बाकीचं तू कर, मुंढा मी पाहतो." आज त्यांचा हात इतका थरथरला की गोलाई कुठल्या कुठे गेली. अण्णांनी खडू खाली ठेवला, हात खिशात घातला आणि म्हणाले, "आता हे जावईबापूंनाच सांगतो."

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कॉम्प्युटरवाला. मापं टाकली की पडद्यावर आपोआप फर्मा आखला जाईल आणि कागदावर खऱ्या मापात छापून निघेल, असं काहीतरी तो करून देणार आहे. खिळ्यांवर टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे मग उतरवायचे. महिनाअखेर अण्णा हातातलं काम सोडणार. "ज्याला माझा मुंढा कळला, त्याच्या हातात माझी कात्री," असं म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्यात पाहुणे चार वेळा आले. मी त्यांना पाहुणेच म्हणतो. सकाळी अकराला डबा घेऊन हजर, संध्याकाळी सहाला परत. ऑफिस नाही का, विचारलं तर म्हणे, "सध्या घरून काम चालतं, दादा." घरून चालतं तर घरी कर ना बाबा!

त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जाते. चहा कपबशीतून येतो. मला ग्लास, तोही टवका उडालेला. काल मी टेपची घडी उलटी घातली तर अण्णा ओरडले, "गाढवा, बावीस वर्षांत टेप गुंडाळता येईना?" त्याच मिनिटाला पाहुण्यांनी चहाची बशी कापडावर सांडली. कापड परक्याचं, रंग फिका. अण्णा म्हणाले, "असू द्या, असू द्या, जावईबापू. धुतलं की जातं." ते धुतलं मी.

आमच्याकडे काज-बटणं करणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाल्या, "पाहुण्यांच्या बुटांच्या टाचा बघितल्या का? चालून चालून झिजल्यात." झिजू देत. चालणं तब्येतीला चांगलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं. मीही शिकणार. दुकानात बिलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर आहे, त्यावरच पाहुणे काम करतात. ते जेवायला मागच्या खोलीत गेले की तासभर तो माझा. व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकतो आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी! पण कापड कापायला शिकलो ते काय पोटातून शिकून आलो होतो?

चित्र काढायच्या पद्धतीला SVG म्हणतात. त्यात रेघेला path म्हणायचं, ती कुठून कुठे जाते ते आकड्यांत सांगायचं. आकड्यांना मी भीत नाही, जन्म त्यातच गेला. createElement असं लिहून path तयार केली, आकडे दिले, रंग दिला, चित्राच्या चौकटीत नेऊन बसवली. पडद्यावर काही नाही. कोरं.

आतली यादी उघडून पाहिली. रेघ तिथे आहे! नाव बरोबर, आकडे बरोबर, जागा बरोबर. तक्रारीचं एक अक्षर नाही. फक्त दिसत नाही. मी बराच वेळ बघत बसलो. हजर असून नसणं म्हणजे काय हे मला कोणी नवीन शिकवायला नको.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेघ अजून उमटत नाही. तीन वेळा पुसून पुन्हा लिहिली. पाहुण्यांनीच काही करून ठेवलं असणार, माझा पक्का संशय आहे. त्यांच्या पानावर रेघा सुरेख दिसतात, माझ्या पानावर नाहीत. कॉम्प्युटर एकच, मग दोन न्याय कसे?

आज त्यांनी माझा करडा कोट निरखून पाहिला. "दादा, हा कोणी कापला?"

"दुकानातच कापला."

"हात वर करता ना, तेव्हा हा वर चढत नाही."

"चांगला कोट चढत नाही."

हा कोट मी कापला आहे. तीन वर्षांपूर्वी अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस घरी होते तेव्हा. मुंढा माझ्या हाताचा, अण्णांच्यापेक्षा पाव इंच वर घेतलेला. हे कोणाला माहीत नाही. अण्णांना वाटतं तो त्यांच्याच फर्म्यावरचा. सांगणार होतो, पण "मुंढा मी पाहतो" म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

पाहुणे म्हणाले, "एक दिवस द्याल का मला?" देणार नव्हतो. पण अण्णा समोर बसले होते. "दे की रे, मागतायत तर!" दिला. कुठे मिरवायचा असेल कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोट परत आला. मुंढ्यावर टाचण्यांची भोकं आणि आत खडूच्या बारीक खुणा! घासून घासून काढल्या. दुसऱ्याची वस्तू वापरायची रीत असते काही.

वर हे: या वहीत एक चिठ्ठी सापडली. "दादा, createElement नको, createElementNS वापरा. आधी घराणं सांगायचं, मग नाव." खाली एक पत्ता, इंटरनेटवरचा असतो तसा: http://www.w3.org/2000/svg. म्हणजे माझं कोरं पान त्यांनी पाहिलं. हसले असणार. चिठ्ठी मागच्या पानांत होती. वाचली असतील का ही पानं? नसतील. सभ्य माणूस आहे, हाच तर त्याचा त्रास आहे.

चिठ्ठी फाडली. मग पुन्हा जोडून पत्ता उतरवून घेतला. वापरायचा नाही, नुसता असू द्यावा म्हणून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस त्यांच्या चिठ्ठीशिवाय झगडलो. एका ठिकाणी वाचलं की रेघेला xmlns नावाची पाटी लावतात आणि तिच्यात हाच पत्ता लिहितात. तयार झालेल्या रेघेला ती पाटी लावून पाहिली. पाटी लागली, रेघ काही दिसली नाही.

शेवटी लिहिलं createElementNS. आधी तो पत्ता, मग path. उमटली! काळी, सरळ, ठणठणीत. मी एकटाच हसलो. मावशी म्हणाल्या, "काय झालं, कात्री सापडली का?"

आता कळलं ते लिहून ठेवतो. पान मजकुराचं असतं आणि चित्र त्यात वस्तीला आलेलं असतं. दोघांची घराणी वेगळी. नुसतं createElement म्हटलं की पान आपल्याच, म्हणजे मजकुराच्या घराण्यातली वस्तू जन्माला घालतं. तिचं नाव path असलं म्हणून काय झालं? चित्राला ती आपली वाटतच नाही, आणि मजकुराला path म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तिला चित्राच्या मांडीवर नेऊन बसवा, नंतर पाटी लावा, उपयोग शून्य. घराणं जन्माच्या वेळीच सांगावं लागतं. आणि तो पत्ता कोणी उघडून बघत नाही, तिकडे कोणी जात नाही. तो नुसता घराण्याचा शिक्का. हातानेच पानात लिहून ठेवलेल्या चित्राला हा त्रास नाही, कारण पान वाचतानाच ब्राउझर प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या घराण्यात घालतो. भानगड होते ती मागाहून जन्मलेल्यांची.

थोडक्यात, आणून बसवला म्हणून कोणी घरचा होत नाही. हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. जावयांच्या बाबतीत हे कॉम्प्युटरवाल्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बरं वाटणं चार दिवस टिकलं. माझी सरळ रेघ उमटते, गोलाई मात्र आकड्यांत उतरत नाही. हाताला येते, आकड्यांना येत नाही. माझा मुंढा पडद्यावर बटाट्यासारखा दिसतो.

पाहुण्यांचा दुपारी चोरून पाहिला. काय गोलाई होती! खांद्याकडून सुटते, मध्ये जराशी रेंगाळते, मग बगलेत शिरते. हा मुंढा आपल्या ओळखीचा आहे असं वाटलं. अण्णांचाच की. चाळीस वर्षांच्या फर्म्यांवरून उचलला असणार. मी बावीस वर्षं बघत राहिलो आणि हा पंधरा दिवसांत घेऊन गेला.

जेवताना त्यांचा फोन वाजला. बाहेर गेले, दोन मिनिटांत परत आले. "चुकीचा नंबर," म्हणाले आणि डबा तसाच बंद केला. अन्न टाकण्याइतकं उतू चाललंय लोकांचं. संध्याकाळी ही म्हणाली, "त्यांचं बरं चाललंय ना हो? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "त्यांचंच तर बरं चाललंय."

अण्णांनी आज त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कापणारा हात, पण ठेवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या दाखवायचं ठरलं आहे. धाकटीही येणार.

पाच वाजता पाहुणे अण्णांना घरी सोडायला गेले. मी कॉम्प्युटरपाशी बसलो. त्यांच्या कामात createElementNS शोधायला सांगितलं, थेट त्या ओळीवर पोचलो. बाकी काही वाचलं नाही, वाचायचं काय होतं त्यात! NS ही दोन अक्षरं आणि पुढचा पत्ता खोडला. बास. काही मोडलं नाही, काही फोडलं नाही. बाकी सगळ्या रेघा पानात आधीपासून लिहिलेल्या आहेत, त्या दिसतील. मुंढा तेवढा मागाहून जन्मतो. तो दिसणार नाही.

हे वाईट आहे हे मला कळतं. कळत नाही असं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सगळे जमलो होतो. अण्णा खुर्चीत, धाकटी त्यांच्या मागे, मावशी सुई हातात धरून दारात. ही माझ्या शेजारी. पाहुण्यांनी अण्णांचीच मापं टाकली. छाती, खांदा, पाठ. कळ दाबली. खांद्याची रेघ आली, पाठीची आली, खालची आली. मुंढ्याच्या जागी पांढरं.

"कळ पुन्हा दाबा," अण्णा म्हणाले.

पुन्हा दाबली. पांढरंच.

पाहुण्यांनी आतली यादी उघडली, मग ती ओळ शोधून काढली. तिथे त्यांची नजर थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पडदा बंद केला.

"माझीच चूक आहे, अण्णा. मला आता हेही जमेनासं झालंय."

"होतं असं कधी कधी—"

"नाही. नोकरी गेली माझी. ऑक्टोबरातच. चार महिने रोज डबा घेऊन निघतो. आधी बागेत बसायचो, आता इथे येतो. हिला सांगितलं नाही. फोन येतात तेही 'नाही' म्हणायलाच येतात."

धाकटीच्या हातातली पर्स खाली पडली, ती तिने उचलली नाही.  अण्णा म्हणाले, "जावईबापू, चहा घ्या."

चहा कपबशीतूनच आला. त्यांनी घेतला नाही. दोघं निघून गेली.

जिंकलो मी. हिने माझं ताट झाकून ठेवलं आणि झोपायला गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा वाजले, कोणी आलं नाही. खुर्ची तशीच होती. मावशींनी डबा उघडला आणि मिटला. रोज त्या आणि पाहुणे मागच्या खोलीत मिळून जेवायचे, हे माझ्या आज लक्षात आलं.

त्या ओळीत दोन अक्षरं आणि पत्ता पुन्हा घातला. कळ दाबली. मुंढा उमटला. मग फाइल पहिल्यापासून वाचली. हे परवा करायला हवं होतं. वरच त्यांनी स्वतःसाठी टिपण लिहून ठेवलं आहे. जसंच्या तसं उतरवतो:

"मुंढा: अण्णांच्या फर्म्यावरून नाही. दादांच्या करड्या कोटावरून घेतला, तो पाव इंच वर आहे. आठ जुन्या फर्म्यांशी ताडून पाहिला, दादांचा जास्त चांगला बसतो. दादा स्वतः सांगणार नाहीत. दाखवताना अण्णांना मी सांगेन."

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओळखीचा वाटला होता तो माझाच होता. माझाच मुंढा मी माझ्या हाताने खोडला, आणि खोडून जिंकलो.

मला रडू आलं. मावशी काजाचं मशीन मुद्दाम जोरात चालवत बसल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अण्णांसमोर छापलेला कागद ठेवला. त्यांनी बोट फिरवलं. बोट कापत होतं, तरी गोलाई सोडली नाही.

"हा माझा नाही."

"नाही. पाव इंच वर आहे. माझा आहे."

मग सगळं सांगितलं. कोट, चिठ्ठी, दोन अक्षरं, सगळं. मला वाटलं मारतील. तसं वय नाही राहिलं माझं, पण वाटलं. ते म्हणाले, "कोट घाल." घातला. "हात वर कर." केला. कोट जागचा हलला नाही. अण्णांनी बगलेपाशी दोन बोटं घालून पाहिली, बराच वेळ.

"तीन वर्षं सांगितलं नाहीस?"

"मुंढा मी पाहतो, म्हणायचात."

"म्हणायचो. हात कापायला लागल्यावर जास्तच म्हणायला लागलो." मग आवाज चढला. "आणि तो पोरगा तुझ्यासाठी खपत होता तर त्याच्या पायात पाय घातलास? गाढवा, माणूस आहेस की कोण? जा, घेऊन ये त्याला."

कात्री त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. मला ती उचलवली नाही.

धाकटीच्या घरी गेलो. दार तिने उघडलं, आत गेली, चहा टाकला की नाही माहीत नाही. पाहुणे पायऱ्यांवर येऊन बसले. मी म्हटलं, "ती दोन अक्षरं मी—"

"माहीत आहे, दादा. ती भानगड दुकानात दोघांनाच ठाऊक होती."

"मग बोलला का नाहीत?"

"घरच्यांच्या भांडणात पाहुण्याने काय बोलायचं?"

 मी शेजारच्या पायरीवर बसलो. त्यांच्या टाचा खरंच झिजल्या आहेत, एका बाजूने. शेवटी म्हटलं, "सोमवारी या. माझ्या गोलाईला आकडे येत नाहीत आणि तुम्हाला कात्री येत नाही." ते म्हणाले, "बघतो." आतून धाकटीचा आवाज आला, "बघतो काय, जातील. आणि मला सांगून जातील."

३ मार्च, सोमवार

आले. आज त्यांना पहिल्यांदा कापडावर बसवलं. छापलेला फर्मा, माझा मुंढा, अण्णा खुर्चीत. पाहुण्यांनी खडूने फर्म्याच्या कडेकडेने सुरेख आखलं आणि त्याच रेघेवरून कात्री चालवली. एक सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. कॉम्प्युटरवाल्याचा हात! दोन्ही भाग कापून अभिमानाने पुढे ठेवले.

शिलाईसाठी जागाच सोडली नव्हती. शिवला असता तर कोट दहा वर्षांच्या मुलाला झाला असता.

मी डोळे मिटले. मावशींची सुई थांबली. अण्णा कापऱ्या हातांनी खुर्ची धरून उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांवर ओरडले, "अरे गाढवा! शिलाईची जागा कोण सोडणार? तुझा सासरा?"

 आधी मावशी हसल्या, मग पाहुणे. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुसतच राहिले. चहा आला तो तीन ग्लासांतून. कपबशी कोणी काढलीच नाही. कॉम्प्युटरमध्ये घराणं मागाहून बदलत नाही. अण्णांच्या दुकानात बदलतं असं दिसतं.

टवका उडालेला ग्लास आज पाहुण्यांच्या वाट्याला गेला. आणि खरं सांगायचं तर, इथे खोटं लिहून काय करायचं, मला वाईट वाटलं. बावीस वर्षं या दुकानात गाढव मी एकटाच होतो.